खुराड्यापाशी कंडक्टर तात्या

संध्याकाळी आमच्या मागच्या परसातून एसटी सुटायची. "चला, आत सरका! पुढं जागा हाय, दारात उभं राहू नका. ओ बाई, तुमालाच म्हणतोय!" असा पुकारा कानावर आला की समजायचं, कंडक्टर तात्या कोंबड्या कोंडताहेत. शेवटची रेंगाळणारी कोंबडी आत शिरली की ते खुराड्याच्या दाराला बांधलेली सायकलची घंटी दोनदा वाजवायचे आणि कडी घालायचे. नवा माणूस हे पाहून हसायचा. पण राजुरीत इतक्या शिस्तीनं दुसऱ्या कुणाच्याच कोंबड्या आत जात नसत. माझ्या कोंबड्यांमागे मला रोज काठी घेऊन पळावं लागे.

तात्यांची सगळी नोकरी जुन्नर, नारायणगाव, मंचर या पट्ट्यात झाली. प्रत्येक थांबा आणि तिथली भांडखोर मंडळी त्यांना तोंडपाठ. ते निवृत्त झाले, पुढे त्यांची बायको, आमच्या काकी, गेल्या, एकुलता एक मुलगा संदीप कॅनडात स्थिरावला आणि तात्यांच्या वाट्याला उरल्या त्या काकींच्या कोंबड्या. आमचं भुसार मालाचं दुकान रस्त्याच्या तोंडाशी, त्याच्या मागे घर. घराच्या मागे एका बाजूला तात्या, दुसऱ्या बाजूला शालनकाकू. तिन्ही परसं एका शेवग्याखाली मिळतात. सकाळी दाणे टाकायला आम्ही तिघं एकाच वेळी बाहेर पडायचो आणि तिथेच आमची सभा भरायची.

आता मी जैन. आजोबा मारवाडातून इकडे आले, तेव्हापासून आम्ही इथलेच. पण अंडं हा शब्दसुद्धा बाई, म्हणजे माझी आई, घरात उच्चारू देत नाही. तरी माझ्याकडे कोंबड्या आल्या त्या तात्यांमुळे. कुत्र्यानं पंख फाडलेली एक तांबडी कोंबडी त्यांनी लॉकडाउनमध्ये माझ्या हातात ठेवली. "शेठ, हिला तुमच्याकडं ठेवा. हिच्या जिवाला धोका न्हाई असं सबंध राजुरीत तेवढं एकच घर हाय." तांबडी बरी झाली, तिला सोबत म्हणून आणखी दोघी आल्या. अंडी शालनकाकू नेत. बाईनं आधी नाक मुरडलं, मग पुढे तीच सगळ्यांच्या आधी उठून कोंबड्यांना ज्वारी टाकू लागली.

सभेत विषय कोंबड्यांचेच असायचे. कुणाची खुडूक बसली, कुणाच्या अंड्याचं कवच मऊ आलं, मानमोडीच्या रोगाची लस कधी द्यायची. बिबट्या उसातून वस्तीत यायला लागल्यापासून तिघांच्याही खुराड्यांना जाड जाळी होती, पण तात्यांचा खरा राग मुंगसावर. "बिबट्या परवडला. मुंगूस म्हणजे फुकट्या पॅसेंजर. मागच्या दारानं चढतो आन् आपण विचारायच्या आत उतरून जातो."

एका सकाळी तात्यांनी सभेपुढे गांजा मांडला. कॅनडात तो राजरोस दुकानात मिळतो, दुखण्यावरही वापरतात, असं संदीपनं त्यांना फोनवर सांगितलं होतं. "दुकान बरं का शेठ! काचा, लायटी, बिल, पिशवी. तुमच्या दुकानासारखंच, फक्त जरा स्वच्छ." त्या दिवसापासून तात्या कायद्याच्या बाजूनं उभे राहिले. "आपल्याकडंबी तिकीट लावा राव! तिकीट न्हाई म्हणून माणूस लपून जातो. तिकीट फाडलं की खिडकीपाशी ऐटीत बसतो. सरकारला पैसा, पोलिसाला झोप."

मी उगाच त्यात तेल ओतलं. मामांच्या गावी, राजस्थानात, भांगेचं सरकारी ठेक्याचं दुकान आहे, असं बोलून गेलो. झालं! "ऐका! शेठचे मामा सरकारमान्य पितात, आन् हितं कुणाच्या मक्यात दोन झाडं दिसली की गाडी भरून पोलीस!" माझे मामा फक्त होळीला घोटभर थंडाई घेतात, हे मी सांगत राहिलो. कुणी ऐकलं नाही.

विरोधी पक्षात शालनकाकू एकट्या. त्यांचं पहिलं शस्त्र चेष्टा. "तात्या, गांजा कोंबड्यांनी खाल्ला तर हो?" "अंडं देऊन इसरतील," तात्या म्हणायचे. काकू पदर तोंडाला लावून हसायच्या. पण तात्या फार ताणायला लागले की त्या मूठभर दाणे जोरानं भिरकावायच्या. "तिकीट लावा, न्हाईतर पास काढा. ज्याच्या घरात धूर शिरला त्याला इचारा." काकूंचा नवरा तात्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. तो नदीकाठी चिलीम ओढणाऱ्यांत बसायला लागला, पुढे बैरागी मंडळींबरोबर निघून गेला, परत आला तो खंगूनच, आणि टिकला नाही. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मग तात्या हळूच मानमोडीच्या लसीवर येत. आठवड्यानं पुन्हा गांजा निघे. त्यांना राहवत नसे.

या सगळ्याच्या मुळाशी तात्यांचे गुडघे होते. खुराडं जुन्या पद्धतीचं, जमिनीलगत. अंडी काढायची, विष्ठा खरवडायची, तर उकिडवं बसावं लागे, आणि बसलं की उठणं तात्यांच्या हातात राहिलं नव्हतं. संदीप दर फोनला म्हणायचा, "एकट्यानं जमत नसेल तर सांगा, लगेच तिकीट काढतो." जन्मभर तिकिटं फाडलेला हा माणूस त्या एका तिकिटाला टरकून होता. व्हिडिओ कॉल यायच्या आधीच ते खुराड्याच्या दाराशी बसून घ्यायचे, मी फोन धरायचा, ते हात आत घालून अंडी काढून दाखवायचे. कॉल संपला की मी त्यांना काखेत धरून उभं करायचो. एकदा उठता उठता म्हणाले, "शेठ, तिकडच्या बर्फात कोंबडी तरी दिसंल का हो?"

आणि मग पार्सल आलं. संदीपचा एक मित्र पुण्याला आला होता, त्याच्या हाती धाडलेलं. स्वेटर, चॉकलेटं आणि एक हिरवी बरणी. तात्यांनी मला खुणेनं आत बोलावलं, दार लोटलं आणि बरणी पुढे केली. झाकणावर एक पान. पंजासारखं पसरलेलं, टोकाटोकांचं. "शेठ, पोरानं माल धाडला," ते कुजबुजले. इतके महिने कायदा बदलायला निघालेला माणूस आता खिडक्या लावून घेत होता. खाली बारीक अक्षरांत इंग्रजी आणि आणखी कुठली तरी भाषा होती, पण चष्मा आणायचं भान कुणाला? ते पान बघूनच आमचं दोघांचं धाबं दणाणलं.

मी म्हटलं, कालव्यात टाकू. ते म्हणाले, "राहू द्या. गुडघ्याला गुण आला तर?" दुकानाच्या गोदामात ठेवता का, असं त्यांनी विचारल्यावर मी हात जोडले. शेवटी तात्यांनीच जागा शोधली. त्यांची काळी कोंबडी तेव्हा खुडूक होऊन अंड्यांवर बसली होती आणि हात जवळ नेला की रक्त काढायची. पोलीस कपाट उघडतील, पण काळीच्या पोटाखाली कोण हात घालणार? बरणी अंड्यांत सरकवली. संध्याकाळी तात्यांनी संदीपला फोन केला. "माल मिळाला. गरम जागी ठेवलाय." "गरम जागी कशाला?" असं संदीप विचारतोय तोवर तात्यांनी फोन ठेवला.

एक गोष्ट आम्ही दोघंही साफ विसरलो. काळी फक्त एकाच माणसाला चोचत नसे. कुणाचीही कोंबडी बसली की आठवड्यानं अंडी बॅटरीच्या उजेडात धरून, पिल्लू धरलंय की नाही ते पाहायचं काम शालनकाकूंचं. त्या नेहमीप्रमाणे आल्या, काळीला उचललं, एक अंडं पाहिलं, दुसरं पाहिलं आणि तिसऱ्यांदा हातात बरणी आली. काकूंनी झाकणावरचं पान पाहिलं. बरणी दोन परसांमधल्या दगडी गडग्यावर ठेवली, अंडी एकेक करून पुन्हा काळीच्या पोटाखाली लावली, हात धुतले आणि घरी गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून काकू आमचं आटोपल्यावर दाणे टाकायला येऊ लागल्या. सभा मोडली. तात्यांची घंटी वाजे, पण पुकारा नाही. मला ते दिवस फार जड गेले, तात्यांना किती गेले असतील ते मी बघत होतो.

रविवारी संदीपचा कॉल आला. फोन धरून मी उभा. "तात्या, बाम लावला का?" "हळू बोल!" तात्या दचकले. "झाकणावर गांजाचं पान हाय ना रं!" संदीपला आधी कळेचना, मग तो हसत सुटला. "अहो, ते मेपलचं पान! इथल्या झेंड्यावर असतं. साधा बाम आहे तो, दुखण्यावरचा." मी धावत बरणी आणली, उघडली. निलगिरीचा वास घमघमला. मी हसून हसून खोकलो. तात्या मात्र हसले नाहीत. फोन बंद झाल्यावर ते माझ्या खांद्याला धरून उठले, लंगडत गडग्यापाशी गेले आणि हाक मारली, "वहिनी, बाम हाय! नुसता बाम!"

शालनकाकू बाहेर आल्या. "बाम असंल. पन तुमी तो गांजा समजूनच ठिवला व्हता ना?"

तात्या गडग्याला टेकले. "व्हय. ठिवला. गुडघे वाकत न्हाईत, वहिनी. पोराला कळलं तर घेऊन जाईल. मला न्हाई जायचं. म्हटलं, गांजा तर गांजा, चोळून बघू." मी बरणीचं झाकण लावत बसलो.

काकू गडग्यापाशी आल्या. "मग दुखतंय ते सांगायचं की आमाला. आमच्या मानसानंबी काय दुखतंय ते कधी सांगितलं न्हाई." मग त्यांनी डोळे पुसले आणि खुराड्याकडे पाहिलं. "गुडघं खाली जात न्हाईत, तर खुराडं वर घ्या! त्यात काय एवढं?"

काकूंचा भाचा आळेफाट्याला वेल्डिंग करतो. त्यानं लोखंडी अँगलचे पाय लावले, खुराडं छातीच्या उंचीला आलं, कोंबड्यांना चढायला फळी बसवली. पहिले काही दिवस कोंबड्या फळीखाली जमून गोंधळ घालत होत्या. तात्या उभ्यानं दार उघडायचे, उभ्यानं अंडी काढायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "बघा, डबल डेकर केली!" बामानं गुडघ्याला काडीचाही फरक पडला नाही, तात्या तेवढे निलगिरीच्या वासाचे झाले. सभा पुन्हा सुरू झाली, गांजाही पुन्हा निघाला. तात्या अजूनही कायद्याच्याच बाजूनं होते. आता फक्त शेवटी म्हणायचे, "वहिनींचं मत इरोधात. लिहून घ्या शेठ."

दिवाळीला संदीप आला तो तात्यांना नेण्याच्या तयारीनंच. पहिल्याच सकाळी तात्या ताठ उभे राहिले, दार उघडलं आणि गरम अंडं मुलाच्या तळहातावर ठेवलं. संदीपनं खाली वाकून लोखंडी पाय पाहिले, हलवून पाहिले. तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही. तो एकटाच परत गेला.

मागच्या हिवाळ्यात तात्या गेले. थोड्याच दिवसांचं आजारपण, राजुरीत, स्वतःच्या खाटेवर. संदीप आला, दहावं झालं, कोंबड्या त्यानं काकूंच्या स्वाधीन केल्या. काकू बुटक्या. त्या उंच खुराड्याच्या आतपर्यंत त्यांचा हात पोचत नाही, म्हणून त्या एक दगड ठेवून त्यावर चढतात. संदीपनं ते पाहिलं आणि म्हणाला, "काकू, वेल्डरला बोलावतो. पाय कापून खुराडं तुमच्या मापाचं करून देतो."

काकूंचं डोकं खुराड्यात होतं. आतूनच म्हणाल्या, "नको रं बाबा. तात्यांच्या मापाचं हाय ते, तसंच राहू दे. मी चढते की दगडावर."