घोट्यावरचा हात

इंदिरानगरातल्या आमच्या बिनलिफ्टच्या इमारतीत एक गृहस्थ वरचेवर येतात. जुने फ्लॅट एकेक करून विकत घ्यायचे आणि सगळे हातात आले की इमारत पाडायची, हा त्यांचा धंदा. लोक त्यांना हुशार म्हणतात. असली हुशारी जळो! मी त्यांच्याविरुद्ध पत्रकं वाटते, घोषणा देते, तरी भेटले की हसून विचारतात, "काय पुढारी, आज घसा बसला का?"

भिंती, गळती, गच्ची ते बघतही नाहीत. म्हाताऱ्या माणसांना मात्र वाकून नमस्कार करतात. आजकाल एवढं कोण करतं, म्हणून माणसं विरघळतात. पण त्यांचा हात घोट्यावर जरा जास्तच रेंगाळतो. कोण अजून किती दिवस जिना चढेल, ते तिथं चाचपतात, अशी माझी खात्री आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचा घोटा त्यांनी अंगठ्याने हलकेच दाबला आणि सुजेत पडलेला खड्डा भरून येईपर्यंत बघत राहिले. "जिना झेपतो ना, आजोबा?" एवढंच विचारलं. दिवाळीआधीच आजोबांनी घर विकलं.

आता फक्त आमचं उरलंय. काल ते आले, ते थेट आईच्या पायाशी वाकले. आईने पाय साडीत ओढून घेतले.

"नमस्कार नको. मी विकणार नाही."

"नका विकू, मावशी," ते वाकलेलेच, अगदी मायेने म्हणाले. "मला कुठं घाई आहे?"

जाताना त्यांनी दारातली आईची चप्पल उचलली, एका बाजूने झिजलेल्या टाचेवरून बोट फिरवलं, आणि जोड नीट लावून ठेवला.