श्वास तिच्या हवाली केला

माझ्यावर देवीची कृपा झाली, असं मी सहज म्हणू शकत नाही. म्हणायला गेलं की जीभ अडखळते. का अडखळते, ते हे सगळं लिहून झाल्यावर कदाचित माझं मलाही नीट कळेल. आम्ही खापरखेड्याच्या कॉलनीत राहतो. माझे यजमान वीज केंद्रात नोकरीला आहेत, मी शाळेत शिकवते. कोराडीची जगदंबा आम्हाला हाकेच्या अंतरावर, त्यामुळे लहानसहान गोष्टीसाठीही तिच्याकडे धाव घ्यायची सवय. परीक्षेला जाताना दर्शन, निकाल लागला की दर्शन. मागणं आणि मिळणं एवढाच आमचा व्यवहार होता आणि त्यालाच मी भक्ती समजत होते.

मी ज्युदो खेळते. शाळेत असताना सुरू केलं, लग्नानंतर सुटलं आणि मुलगी मोठी झाल्यावर पुन्हा धरलं. आमचे सर वीज केंद्रातूनच निवृत्त झालेले. कॉलनीतल्या हॉलमध्ये मॅट टाकून ते संध्याकाळी मुलींना शिकवतात. चाळिशी ओलांडलेली मी एकटीच. त्या वर्षी ब्लॅक बेल्टच्या परीक्षेची तयारी चालली होती. मध्येच पोट बिघडलं, आठवडाभर अंगात काही राहिलं नाही, पण बरं वाटताच मी पुन्हा मॅटवर उभी राहिले. तळपायांना मुंग्या यायच्या. सरावाने पाय दुखले असतील, असं समजून रात्री तेल चोळून झोपायचे.

पुतणीच्या लग्नाची भांडी घ्यायला मी एकटीच इतवारीच्या बाजारात गेले होते. दुकानात पितळी तांब्या उचलला आणि तो हातातून निसटला. दुकानदाराने दुसरा दिला, तोही निसटला. मी ओशाळून हसले. बाजूला एक बाई परात बघत उभ्या होत्या. पन्नाशीच्या असतील, साधं सुती लुगडं, कपाळावर काही नाही. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मी पायरी उतरायला लागले तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"तुझा पाय फरफटून राहिला, बाई. केव्हापासून?"

मी म्हटलं, दोन दिवसांपासून जरा जड वाटतं, घरी जाऊन पडते. त्यांनी मनगट सोडलं नाही.

"घरी नको जाऊ वं. आत्ताच मोठ्या दवाखान्यात चाल. माझ्या भावाले असंच झालं होतं. आम्ही त्याले घरी नेलं."

पुढचं मला विचारवलं नाही. हातगाड्यांच्या त्या गर्दीतून त्यांनीच ऑटो थांबवला, मला बसवलं आणि स्वतःही शेजारी बसल्या. दवाखान्याच्या दाराशी पोचेपर्यंत मला उतरून उभं राहता येईना. यजमान धावत आले तेव्हा त्या बाईंनी माझी पर्स त्यांच्या हाती दिली आणि त्या निघून गेल्या. नाव विचारायचं कुणाला सुचलं नाही. संध्याकाळपर्यंत माझे हात गेले आणि दुसऱ्या दिवशी श्वास अपुरा पडू लागला. शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते, असा तो आजार. डॉक्टरांनी यजमानांना सांगितलं की घरी असताना श्वास गेला असता तर आणायला वेळ मिळाला नसता.

त्यानंतरचे दिवस मी छताकडे बघत काढले. गळ्यात नळी, बाजूला श्वास देणारं मशीन. बोट हलत नव्हतं, पण कळत सगळं होतं. चादरीची सुरकुती टोचायची ते कळायचं, यजमान बाहेर जाऊन डोळे पुसून येतात तेही कळायचं. सासूबाईंनी कोराडीहून अंगारा पाठवला. यजमानांनी तो माझ्या कपाळाला लावायला बोट पुढे केलं तेव्हा मी डोळे घट्ट मिटून घेतले. नको म्हणण्यासाठी माझ्याकडे तेवढंच उरलं होतं. त्यांना ते कळलं. त्यांनी पुडी खिशात ठेवली आणि माझे पाय चेपत बसले. मनात मी देवीला म्हणत होते की ज्या शरीराने मी तुझ्या पायऱ्या चढले तेच तू काढून घेतलंस, आता माझ्याकडून काय हवंय तुला?

सर दुपारच्या भेटीच्या वेळात यायचे. इतर लोक यायचे ते धीर द्यायचे, नाहीतर रडायचे. सरांनी पहिल्याच दिवशी कानाशी वाकून विचारलं, "प्रॅक्टिस करायची का? हो असंल तर डोळे मिटून उघड."

मी डोळे मिटून उघडले. मग ते हळू आवाजात सांगू लागले. समोर मुलगी उभी आहे, पकड घे, उजवा हात कॉलरला, डावा बाहीला. तिचा तोल पुढे येऊ दे, आता वळ. झालं की डोळे मीट. मी मनातल्या मनात वळले आणि डोळे मिटले. सर म्हणाले, "घाई केली तू. परत कर."

मी खरंच घाई केली होती. त्या पलंगावर पहिल्यांदा मला हसू आलं, चेहऱ्यावर उमटलं नाही एवढंच. त्यानंतर सर येत राहिले आणि माझा सराव चालू राहिला. मशीनच्या आवाजात, एक बोटही न हलवता, मी रोज घामाघूम व्हायचे.

हातापायांत थोडी चेतना दिसू लागली तेव्हा मशीन काढून बघायचं ठरलं. पहिल्या वेळी मशीन बाजूला होताच मी घाबरले. छाती झुंजायला लागली, घोट घोट हवा ओढू लागले, आणि डॉक्टरांना मशीन पुन्हा लावावं लागलं. दुसऱ्या वेळीही तेच झालं. त्या दुपारी सरांनी सराव घेतला नाही. नुसते बसून राहिले आणि उठताना म्हणाले, "भेवानं कडक होऊन राहिली तू. मॅटवर कडक झालेलं माणूस मोडते."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मशीन काढलं. सिस्टर माझा हात धरून उभी होती. तीच भीती खालून वर चढू लागली. अचानक मला वाटलं, आता आपल्याने होत नाही. त्यात राग नव्हता, मागणंही नव्हतं. मी आतल्या आत म्हटलं, आई, हा श्वास माझा नाही. द्यायचा तर दे, नाहीतर राहू दे. मी हवा ओढायचं सोडून दिलं. मध्ये एक क्षण काहीच नव्हतं. मग छाती आपोआप वर आली, जणू कुणी खालून हात देऊन उचलावी तशी. पुन्हा खाली गेली, पुन्हा वर आली. तो हात कुणाचा होता, ते मी सांगू शकत नाही. माझा नव्हता, एवढंच सांगते. त्या दुपारी यजमान आले तेव्हा मी नजरेने त्यांच्या खिशाकडे खुणावलं. त्यांनी पुडी काढून अंगारा लावला.

बरं व्हायला खूप महिने गेले. घास भरवून घेण्यापासून सगळं नव्याने शिकले. काठी घेऊन चालू लागल्यावर आम्ही इतवारीत जाऊन त्या बाईंची चौकशी केली. दुकानदाराला त्या दिवशीची घटना आठवत होती, पण त्या त्याच्या ओळखीच्या नव्हत्या. जीभ अडखळते ती इथेच. देवीने त्यांना माझ्यासाठी धाडलं, असं लोक सहज म्हणतात. मग त्यांच्या भावासाठी कुणी का धाडलं नाही? तो गेला म्हणून त्यांना माझा पाय दिसला. कोराडीला गाभाऱ्यासमोर उभी राहून मी हे विचारलं. उत्तर मिळालं नाही. पूर्वी असं झालं असतं तर मी रुसून परतले असते. त्या दिवशी मात्र त्या न पाहिलेल्या भावासाठी हात जोडले आणि डोळे भरून आले. उत्तर न मिळताही तिच्यासमोर उभं राहता येतं, हे मला तेव्हा कळलं.

परीक्षेचं आता मनातून गेलं आहे. डावं पाऊल अजून पूर्ण उचललं जात नाही. तरी मी हॉलमध्ये जाऊ लागले, आधी खुर्चीवर बसून बघायचे, मग मॅटच्या कडेला बसून हात चालवायचे. एका संध्याकाळी सरांनी मला मधोमध बोलावलं आणि माझी बाही धरली. मी घाबरले ते त्यांच्या लक्षात आलं. "मी धरून आहो," ते म्हणाले, आणि त्यांनी मला अलगद पाडलं.

पाठ मॅटला लागली, हाताचा तळवा आपटून आवाज झाला आणि काहीही मोडलं नाही. मी तशीच पडून राहिले. पूर्वी पडले की मी झटक्यात स्वतः उठायचे, कुणी हात पुढे केला तर तो मला कमीपणा वाटायचा. आता उठता येत नव्हतं. दोन मुली वाकल्या आणि त्यांनी हात दिले. मनात आई जगदंबेचं नाव घेत मी ते हात धरले आणि उभी राहिले.