गप्प बाहेर येणारी माणसं

चित्रपट चालणार की आपटणार, हे सांगायला हल्ली म्हणे मोठी मोठी यंत्रं असतात. आमच्या थिएटरात त्या कामाला एक माणूस होता. कागदोपत्री तो दरवान, म्हणजे तिकिटं फाडायची आणि खेळ सुटला की दारं उघडायची. पण सगळे त्याला कानोसा म्हणायचे. त्या थिएटरचा सायकल स्टँड मी तीस वर्षं सांभाळला, त्यामुळे या माणसाबद्दल बोलायचा माझ्याइतका हक्क कुणाला नाही. त्याच्या बायकोला असेल, पण वहिनी मुळातच कमी बोलतात.

नव्या चित्रपटाचा पहिला खेळ सुटायला आला की कानोसा बाहेरच्या दाराचा अडसर काढायचा आणि फळीला पाठ लावून, मान खाली घालून उभा राहायचा. जणू बुटाची नाडी कुठे गेली ते बघतोय. लोक बोलत बोलत शेजारून जायचे आणि हा ऐकायचा. सगळे गेले की मालकाच्या खोलीत जाऊन एवढंच म्हणायचा, "पाच आठवडे." मालक त्यावर पुढचा चित्रपट ठरवायचे.

त्याचे ठोकताळे मला पाठ होते. लोक नायिकेच्या कपड्यांबद्दल बोलत आले तर दोन आठवडे. छत्री कुठे राहिली असं विचारत आले तर गुरुवार गाठला तरी पुष्कळ. संवाद म्हणून दाखवत आले तर पाच. आणि शेवटची पायरी उतरेपर्यंत गप्प राहिले, तर डोळे झाकून दहा! "बोलला तो मोकळा झाला," कानोसा म्हणायचा. "गप्प गेला त्याच्या काळजाला भिडलं. तो परत येणार." एकदा अख्खी मागची रांग गप्प बाहेर आली, याने छाती फुगवून दहा सांगितले, आणि मागून कळलं की ती मंडळी नुकती झोपेतून उठली होती. त्यावरून मी त्याला महिनाभर छळलं. पण असं क्वचित व्हायचं. एरवी त्याचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

मग एका प्रेमपटाचा पहिला भाग आला. एक तरुण, एक तरुणी; एकमेकांवाचून जमत नाही आणि एकमेकांशी तर मुळीच जमत नाही. भांडतात, वस्तू फोडतात, रडतात, परत गळ्यात पडतात, शेवटी लग्न करतात. गावातल्या पोरापोरींनी त्याचं असं खूळ घेतलं की विचारू नका. कानोशाच्या मुलीने तो सहा वेळा पाहिला. बापाची नोकरी दारावर, तिला कोण अडवणार? त्या सहांपैकी कुठल्या तरी खेळाला तिच्या शेजारच्या खुर्चीत एक मुलगा होता. विजेच्या मोटारी दुरुस्त करायचा. दिसायला गोरागोमटा, बोलायला लाघवी.

"बाहेर आला तेव्हा डोळे लाल," कानोसा मला कौतुकाने सांगत होता. "एक शब्द बोलला नाही. मुलगा खोल आहे."

"विहीरही खोलच असते," मी म्हणालो.

"तुला सायकलींशिवाय कशातलं काही कळतं का?"

झालं, लग्न लागलं. मीही पोटभर जेवून आलो. उगाच शहाणपणा सांगत नाही.

दोन वर्षांनी दुसऱ्या भागाच्या जाहिराती लागल्या, त्याच सुमारास मुलगी एक बॅग घेऊन माहेरी आली. "थोडे दिवस राहते," म्हणाली. थोड्याचे पाच आठवडे झाले. काय झालं, ते आईला सांगेना, बापालाही सांगेना. बापाने विचारलंही नाही म्हणा. मोठ्या आवाजाने दचकायची, न्हाणीघराचं दार कधी पूर्ण लावायची नाही, एवढं वहिनींच्या लक्षात आलं होतं. जावई रोज संध्याकाळी सासऱ्याला फोन करून रडायचा. "बाबा, मी बदललोय. फक्त एकदा तिला समजवा." कानोसा फोन ठेवायचा आणि माझ्या स्टँडवर येऊन बसायचा. मुलगी जाणार की राहणार, हे त्याला कळेना. तीस वर्षं परक्यांच्या मनातलं ओळखणारा माणूस, आणि घरातलीच पाटी कोरी!

शुक्रवारी दुसरा भाग लागला. दुपारच्या तीनच्या खेळाला मुलगी आपणहून आली आणि बापाने कडेची खुर्ची दिली.

खेळ सुटला तेव्हा मी टोकन घ्यायला दाराशीच होतो, म्हणून हे सगळं माझ्या कानांनी ऐकलंय. आधी कॉलेजच्या मुलींचा घोळका आला.

"काय हात आपटला गं त्याने काचेवर! माझ्या तर अंगावर काटा आला."

"असा वेडा मिळायला नशीब लागतं."

मागून एक मध्यमवयीन बाई येत होत्या, बँकेतल्या असाव्यात. त्या म्हणाल्या, "नशीब कसलं? काचा कोणी झाडल्या, ते दाखवलंच नाही."

"काकू, तुम्हाला नाही कळायचं!"

"मला नाही तर कोणाला कळणार, बाई?"

मग एक म्हातारं जोडपं. आजोबा म्हणत होते, "पहिल्यातच संपवायला हवं होतं." आजीने विचारलं, "लग्न?" "अगं, चित्रपट!" आणि एका तरुण नवराबायकोचं तर 'तिनेच त्याला चिडवलं', 'त्याने आधी फोन फेकला' यावरून असं जुंपलं की स्कूटर माझ्याकडेच विसरून दोघं दोन दिशांना चालते झाले.

सगळ्यांच्या शेवटी कानोशाची मुलगी आली. चेहरा पांढरा, डोळे भरलेले. तोंडातून शब्द नाही. पायऱ्या उतरली आणि खालच्या पायरीवर बसून राहिली. कानोशाने तिच्याकडे पाहिलं, आणि मी त्याचा चेहरा उजळताना पाहिला.

"विरघळली," तो माझ्या कानाशी म्हणाला. "चित्रपटातली पोरगी शेवटी त्याच्या हाताला पट्टी बांधते आणि त्याच्याबरोबर घरी जाते. हिच्या काळजाला भिडलं बघ."

"अरे, तिला विचार तरी."

"विचारायचं काय त्यात? गप्प आली ना!"

आणि मालकाच्या खोलीतून त्याने जावयाला फोन लावला. "उद्या दुपारी थिएटरवर ये. ती माझा डबा घेऊन येते. तिला घेऊन जा." मी तिथेच उभा होतो. मी त्याचा हात धरायला हवा होता. धरला नाही. मित्राच्या घरातली गोष्ट म्हणून गप्प बसलो, त्याची रुखरुख अजून जात नाही.

दुसऱ्या दिवशी तीनच्या खेळाची रांग पार माझ्या स्टँडपर्यंत आली होती. मुलगी डबा घेऊन पायऱ्या चढत होती, तेवढ्यात जावई समोर आला. नवा सदरा, हातात फुलं. मुलगी जागच्या जागी थिजली.

"चल घरी," तो म्हणाला. "बाबांनीच बोलावलंय मला."

तिने मान हलवली. नाही. त्याने पुन्हा म्हटलं, तिने पुन्हा मान हलवली. मग त्याने फुलं खाली टाकली आणि भिंतीवरच्या, चित्रपटाची चित्रं लावलेल्या काचेच्या पेटीवर मूठ मारली. काच खळकन फुटली. मनगटावरून रक्त ओघळायला लागलं.

आणि रांगेने शिट्टी वाजवली!

मी खोटं सांगत नाही. लोकांना वाटलं, ही चित्रपटाची जाहिरात आहे, थिएटरवाल्यांनी नट आणलेत. "वा! डिट्टो!" कोणीतरी ओरडलं. एक मुलगी रुमाल पुढे करत म्हणाली, "ताई, आता पट्टी बांधायची ना?" जावयाने रक्ताचा हात तसाच पुढे धरला आणि वाट बघत उभा राहिला. त्यालाही वाटत होतं की आता ती बांधणार.

मुलीने रुमाल घेतला नाही. ती वर दारात उभ्या असलेल्या बापाकडे वळली.

"बाबा, तुम्ही बोलावलंत याला?"

"अगं, तू काल गप्प बाहेर आलीस... मला वाटलं, तुला आवडला."

"ती त्याच्याबरोबर घरी गेली तेव्हा सगळं थिएटर टाळ्या वाजवत होतं," मुलगी म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की पुढची रांगही एकदम चूप झाली. "मी घाबरले होते, बाबा. घरी गेल्यावर काय होतं ते मला माहितीय. अशीच काच फोडून, असाच रडून मला घरी नेलं होतं याने. आणि दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात घालून बाहेरून कडी लावली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. शेजारणीने काढली."

मग कानोशाने जे केलं ते मी त्याच्याकडून कधी अपेक्षिलं नव्हतं. तो पायऱ्या उतरला आणि मुलगी आणि जावई यांच्या मधोमध उभा राहिला. किडकिडीत माणूस, फुंकर मारली तर उडेल असा.

"मी चुकलो," तो जावयाला म्हणाला. "मी बोलावलं, ते मी चुकलो. ती येणार नाही."

"बाबा, माझं प्रेम आहे हो तिच्यावर! बघा, हात बघा माझा!"

"बघितला. समोर दवाखाना आहे, तिथे जा."

"अहो, जाऊ द्या ना तिला!" रांगेतून एक जण ओरडला. "एवढा जीव टाकतोय बिचारा!"

तीस वर्षांत कानोशाने प्रेक्षकाला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. "तिकीट काढलंय ना? मग आत जाऊन टाळ्या वाजवा," तो म्हणाला. "ही माझी मुलगी आहे."

जावई शेवटी गेला. जाताना पायऱ्यांवर रक्ताचे थेंब पडत गेले. मी मुलीला घेऊन घरी पोचवायला निघालो. मागे वळून पाहिलं, तर कानोसा वाकून काचा गोळा करत होता, आणि लोक त्याला वळसा घालून आत चालले होते.

चित्रपट अकरा आठवडे चालला. म्हणजे रोज चार वेळा कानोशाला तो टाळ्यांचा कडकडाट दाराबाहेर उभं राहून ऐकावा लागला. टाळ्या सुरू झाल्या की तो माझ्याकडे यायचा आणि सायकली मोजायचा. मोजलेल्याच पुन्हा मोजायचा. मालकाने विचारलं, पुढच्या चित्रपटाचा अंदाज काय, तर म्हणाला, "तुम्हीच ऐका. मला आता जमत नाही."

मुलगी माहेरीच आहे. एका शिवणकामाच्या कारखान्यात जाते. जावयाचे फोन अजून येतात, कधी रडवेले, कधी धमकीचे. वकिलाची कागदपत्रं चालू आहेत, ती कधी संपतील ते वकिलालाही ठाऊक नाही. घराला दुहेरी कडी लावलीय. सहा वाजून दहा मिनिटं झाली आणि मुलगी दिसली नाही की वहिनी गॅलरीत येऊन उभ्या राहतात.

पण आता रोज संध्याकाळी बाप तिच्यासमोर बसतो आणि सरळ विचारतो, "काय झालं तुझ्याबरोबर, सांग." पहिले कितीतरी दिवस ती नुसतं "काही नाही" म्हणायची आणि उठून जायची. हा बसून राहायचा. मग एक दिवस तिने थोडं सांगितलं. पंधरा दिवसांनी अजून थोडं. ज्या दिवशी ती सांगते त्या दिवशी कानोशाला जेवण जात नाही.

"अजून पुष्कळ बाकी असणार," परवा तो मला म्हणाला.

"कशावरून?"

"मला माहीत नाही. ती सांगेल तेव्हा कळेल."