भिंतीपलीकडचं ऐकणारी

समुपदेशक बाई गळ्याला टॉवेल बांधून माझ्या सात वर्षांच्या सईसमोर उड्या मारायला लागल्या, तेव्हा माझा संयम संपला. हा पाचवा शनिवार. शाळेत तोंडच न उघडणाऱ्या मुलीला मी रजा टाकून इथे आणायची, आणि इथे चालायचा नुसता सुपरहिरोंचा खेळ!

"मॅडम, उपचार कधी सुरू करणार?" मी दारातूनच विचारलं.

"बसा ना," त्या म्हणाल्या आणि पुन्हा सईकडे वळल्या. "तुझ्या सुपरहिरोकडे कोणती शक्ती आहे गं?"

सईनं पाठीवरची ओढणी सावरली. "तिला भिंतीपलीकडचं ऐकू येतं."

"काय ऐकू येतं?"

"आईबाबांचं भांडण."

"मग ती काय करते?"

"झोपेचं सोंग घेते."

मुलीला त्रास नको म्हणून आम्ही दार लावून, दबक्या आवाजात भांडायचो. वर त्याला समजूतदारपणा म्हणायचो. आणि ही बोलत का नाही, म्हणून दोन महिने मी सगळ्यांवर चिडत होते, बाईंवर, शाळेवर, तिच्यावरसुद्धा.

मी सतरंजीवर सईजवळ जाऊन बसले. तिनं माझ्याकडे पाहिलं. "सांग, मी ऐकतेय," मी म्हणाले.