अठरा वर्षांची कडू भाकरी

पाटसच्या एसटी स्टँडवर मी रडलो होतो, हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या रडण्यावर उभं आहे. वय अठ्ठावीस, मिशी नुकती जोपासलेली, गळ्यात कारखान्यातल्या सोबत्यांनी घातलेला हार आणि डोळ्यांतून धारा. शेजारी हनीफ उभा होता, दौंडचा, फिटर. आम्ही दोघं एकाच साखर कारखान्यातून मॉरिशसच्या एका साखर कारखान्यात निघालो होतो. तो यंत्रं सांभाळायला आणि मी पॅनमन म्हणून, म्हणजे उसाचा रस आटवून त्यातून साखरेचा दाणा काढायला. हनीफने स्टँडवरच गरम भजी खाऊन घेतली होती आणि तो मजेत होता. मी न्हावऱ्याहून आणलेली बाजरीच्या पिठाची पिशवी तान्ह्या बाळासारखी छातीशी धरली होती. बस लागली तेव्हा आईने पदराने माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "तिकडं गेल्याव आपली भाकर सोडू नगंस, बाबा."

ते वाक्य घेऊन मी बेटावर उतरलो आणि अठरा वर्षं पाळलं. आमच्या घराण्यात एवढं मन लावून कुणी काही पाळल्याचं ऐकिवात नाही.

बाजरीचं पीठ दोन-तीन आठवड्यांत कडू पडतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून आपण लागेल तेवढंच दळून आणतो. माझं पीठ न्हावऱ्याच्या गिरणीतून निघायचं, पुण्यात कुणाच्या तरी माळ्यावर थांबायचं, मग कुणाच्या तरी बॅगेत शिरायचं आणि माझ्या हाती पडेपर्यंत महिना उलटलेला असायचा. पुढे ते आम्ही तीन महिने पुरवायचो. साखरेचा दाणा बोटांत चोळून तो तयार झालाय की नाही हे सांगणारा माणूस मी. कारखान्यातले साहेब यंत्रापेक्षा माझ्या बोटांवर जास्त भरवसा ठेवत. त्या माणसाला आपल्या ताटातली भाकरी कडू आहे हे कळू नये? कळायचं. पण मला वाटायचं, लांब राहिलं की गावाची चव अशीच लागत असणार.

बाहेर बेट नुसतं घमघमत होतं. किनाऱ्यावर दोरीला वाळत घातलेले ऑक्टोपस, नीरफणसाची भजी, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर दालपुरी: आपल्या पुरणपोळीची तिखट चुलत बहीण म्हणा, आत चण्याची डाळ, वर टोमॅटोची चटणी आणि टपोऱ्या पांढऱ्या वालाची उसळ, दोन-दोनच्या जोडीने कागदात गुंडाळून देतात. सुट्टीवर आलेले परदेशी लोक चांगलं खाणं कुठे मिळतं म्हणून नकाशे घेऊन वणवण करायचे. मी त्यांच्या मधून माझा डबा घेऊन जायचो, मान ताठ ठेवून. हनीफने पहिल्याच ईदला घरी बोलावलं. दौंडला त्याच्या आईच्या हातचा शीरखुर्मा दोन-दोन वाट्या ओरपणारा मी, बेटावरच्या ईदला त्याच्याकडे स्वतःची भाकरी घेऊन गेलो. त्याने ताट सरकवलं, मी डबा उघडला. त्याने ताट मागे ओढून घेतलं. पुढच्या वर्षीही बोलावलं, त्याच्या पुढच्या वर्षी नाही.

गेल्या सप्टेंबरात आई पहिल्यांदा इकडे आली. पंचाहत्तरीची बाई, पहिलं विमान, आणि उतरल्यावर तक्रार एकच, की खिडकीची काच उघडत नाही. त्या दिवशी सुरेखाने, म्हणजे माझ्या बायकोने, भाकरी थापली, लसणाची चटणी केली. मी आईच्या तोंडाकडे बघत बसलो, दहावीचा निकाल लागायचा असल्यासारखा. तिने एक घास घेतला, चावायची थांबली.

"ही कडू झालीया, दत्ता. ढोरापुढं तरी टाकशील का?"

मी हसून म्हटलं, इथलं पाणी वेगळं आहे. सुरेखा तव्याकडे बघत राहिली. नंतर मी तिला बाजूला घेऊन बजावलं, की या वयात आईच्या पोटाला बाहेरचं काही द्यायचं नाही. ती "बरं" म्हणाली. तिच्या "बरं"ला मी लग्नापासून होकार समजत आलोय.

चार-पाच दिवसांनी ऐन गाळपात मिल बंद पडली आणि सकाळी साडेदहालाच आम्हाला सोडलं. बाजारातून घरी येत होतो. दालपुरीच्या एका गाडीशेजारी प्लॅस्टिकच्या स्टुलावर आई बसलेली दिसली. लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला, हातात कागद, मांडी घालायला जागा नव्हती म्हणून एकच पाय वर घेतलेला. शेजारी सुरेखा. गाडीवालीला सगळे तांतीन म्हणतात, म्हणजे मावशी. ती तिच्या आजीकडून आलेली भोजपुरी बोलत होती, आई गुऱ्हाळावर आलेल्या बिहारी मजुरांकडून उचललेली हिंदी, आणि दोघींचं झकास चाललं होतं. मग तांतीनने सुरेखाला नावाने हाक मारली आणि न विचारताच तिच्या कागदावर जास्तीची चटणी घातली. जास्तीची. म्हणजे नेहमीची. मी केळ्यांच्या गाडीमागे लपलो. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, स्वतःच्या आईपासून लपलेला.

संध्याकाळी जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, की दिवसभर काय केलं. सुरेखा म्हणाली, काही नाही. आईने सरळ सांगितलं, की दालपुरी खाल्ली आणि रोजच खाते. माझी मुलगी गौरी खाली मान घालून हसली. ती म्हणे शाळेत जायला लागल्यापासून खाते.

मग सुरेखाने सांगितलं. ती बेटावर आली त्याच वर्षी पीठ आणणारा माणूस आलाच नव्हता. मी आठ दिवस दहीभातावर काढले होते, आणि ती बाजारात गेली होती. या अनोळखी गावात तिला पहिल्यांदा कुणी बसायला स्टूल दिलं असेल, तर ते त्या गाडीवर. मला का सांगितलं नाही, असं विचारलं तर म्हणाली, "भाकरीकडे तुम्ही ज्या तोंडाने बघायचात, त्या तोंडाला काय सांगणार?"

मी आईकडे वळलो. शेवटचा आधार तोच होता. म्हटलं, "पाटसच्या स्टँडवर तू काय म्हणाली होतीस?"

"काय म्हणले हुते?"

मी तिला तिचं वाक्य शब्दाशब्दाने ऐकवलं. तिने थोडा वेळ आठवून पाहिलं.

"आसंल," ती म्हणाली. "तू रडत हुतास. चारचौघांत तुला गप करायला कायतरी बोलाय नगं का?"

"आणि दर तीन महिन्यांनी पीठ पाठवत होतीस ते?"

"तू मागायचास म्हणून धाडायची. म्हणलं, लेकराचा जीव भाकरीत हाय. मला कुठं एवढी आवडती? दुसरं व्हतंच काय आपल्याकडं, म्हणून खाल्ली." मग माझं तोंड बघून तिने पदर उचलला. पाटसला उचलला होता तसाच. या वेळी मी रडत नव्हतो, पण तिने पुसलं.

राग आला. अजून आहे. फसवलं म्हणावं तर कुणी माझं काही नेलं नव्हतं. फक्त माझ्या घरातल्या तीन बायकांनी, आई, बायको आणि लेक, मला न कळवता या बेटावर आपापलं घर केलं होतं. मला बाहेर राखणीला बसवलं होतं, आणि ज्या वस्तूची मी राखण करत होतो ती कुणालाच नको होती. आणि हनीफ, तू दौंडला परत गेलास त्याला दोन वर्षं झाली. हे वाचशील तेव्हा पोट धरून हसशील, तुझा हक्क आहे. पण त्या ईदचा डबा मला आठवतो. मला फसवलं म्हणून मी घरभर तोंड पाडून फिरतोय, आणि तुझ्या ताटाला मी काय केलं, हे तू एकदाही बोलून दाखवलं नाहीस.

आई आता न्हावऱ्याला आहे आणि शेजारणींना जमवून दालपुरी करते. परवा फोनवर म्हणाली, येताना त्या टपोऱ्या वालाची पिशवी आण, इथं मिळत न्हाईत. मग जरा थांबून विचारलं, पीठ धाडू का. मी नको म्हणालो. तिला बहुतेक बरं वाटलं. मला मात्र पाटसच्या बसमधून कुणीतरी पुन्हा खाली उतरवल्यासारखं झालं. गाव कुठलं असं कुणी विचारलं तर मी अजून न्हावरे सांगतो. पण तिथे आता दालपुरी शिजते, आणि इथे माझ्या डब्यात तळाला उरलेलं कडू पीठ आहे. यातलं आपलं कुठलं, हे कुणी मला ठरवून दिलं तर उपकार होतील.

गेल्या रविवारी एकटाच बाजारात गेलो. गाडीसमोर उभा राहिलो, पाटी वाचली, किती घ्यायच्या ते कळेना म्हणून शेजारच्या माणसाकडे पाहिलं. तांतीनने हसून एक जोडी कागदावर ठेवली, उसळ घातली, चटणी बेताने घातली. स्टूल पुढे केलं. चव कशी होती ते लिहीत नाही, सुरेखा हे वाचणार आहे.

दुसरी जोडी मागितली तेव्हा तांतीन खूश झाली. फिरायला आलात का, तिने विचारलं. बेट आवडलं का? कधी आलात?

कारखान्याचं धुराडं तिच्या डोक्यामागे दिसत होतं.

"आजच," मी म्हणालो. "आजच आलो."