अंडं आधी साध्या पाण्यात

आधी एक दुरुस्ती. तीन आठवड्यांपूर्वी मी इथे लिहिलं होतं की माझा मासा तात्यांच्या चुकीमुळे मेला, त्यांनी टाकीत बोअरचं पाणी घातलं. ते खरं नाही. तात्यांनी बोअरचं पाणी घातलंच नव्हतं.

ज्यांनी ती पोस्ट वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगते. कर्जतच्या माझ्या फ्लॅटमध्ये खाऱ्या पाण्याची एक टाकी आहे... दोन नारिंगी क्लाउनफिश, एक लाजाळू खेकडा, थोडे दगड. मला कामासाठी चार दिवस बाहेर जायचं होतं, म्हणून माझे थोरले काका, म्हणजे तात्या, कळंबहून येऊन राहिले. टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जातं, तेवढं फिल्टरचं पाणी वरून घालायचं असतं. त्याचे निळे कॅन मी भरून ठेवले होते, काचेवर खूणही केली होती.

परत आले तर एक मासा तळाशी पडलेला. पाणी तपासायच्या किटचे थेंब टाकले... नळी लालभडक. पिवळा रंग म्हणजे पाणी ठीक, लाल म्हणजे नायट्रेट फार. ते आमच्या बोअरच्या पाण्यात असतं असं मी ऐकून होते. मला वाटलं, सापडलं.

"तात्या, पाणी कुठलं घातलंत?"

"तू ठेवलंस तेच की गं. निळ्या कॅनमधलं, खुणेपरेंत."

मी नळी त्यांच्यासमोर धरली. त्यांनी चष्मा लावून ती बराच वेळ पाहिली. "मला त्यातलं नाय कळत. तुजं औषध सांगतंय तर असल."

ते 'असल' मी कबुली समजले. त्याच दिवशी पोस्ट लिहिली. खाली कोणीतरी कमेंट केली, 'गावच्या माणसाच्या हाती टाकी दिलीस, अजून काय होणार'... आणि मी त्या कमेंटला हार्ट दिलं. हेही लिहायला हवं, म्हणून लिहिते आहे.

पूर्वी रोज संध्याकाळी तात्यांचा फोन यायचा, "मासं जेवलं का गं?" तो फोन बंद झाला. मी केला तर पावसापाण्याचं बोलतात, फोन काकूकडे देतात. काकू हसत म्हणाली, "ते बोलतात, पोरीकडं जायचं तर पानी प्यायचा पेला पन तिला इचारून घ्यायचा." मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र कळलं, त्यात गंमत नव्हती.

परवा सकाळी अंडी उकडायला ठेवत होते. पातेल्यात पाणी घातलं, तर तीन तळाशी बसली आणि एक वर आलं. शिळं निघालं म्हणून ते बाजूला काढलं... आणि कळंबची पेरणी आठवली.

आई-बाबा दोघंही रसायनीला कंपनीत, दोघांच्याही शिफ्ट. त्यामुळे सहा वर्षांची होईपर्यंत मी कळंबला तात्यांकडे होते. पहिलीत गेले तेव्हा मला शंभरपर्यंत मोजता यायचं, ते भाताच्या दाण्यांवर शिकलेलं. पेरणीआधी बी मिठाच्या पाण्यात टाकतात, भरलेले दाणे खाली बसतात, पोचट वर तरंगतात. ते वरचे दाणे गोळा करून दहा-दहाच्या ढिगल्या लावायच्या, ही माझी शाळा. बोटं खारट व्हायची, मी ती चाटायची, तात्या बघून न बघितल्यासारखं करायचे.

पाण्यात मीठ पुरेसं झालं का, ते अंड्यावरून कळायचं. अंडं तरंगलं की झालं. पण तात्या ते अंडं आधी साध्या पाण्याच्या बादलीत सोडायचे. मी विचारलं कशाला, तर म्हणाले, "शिळं अंडं साध्या पान्यात पन तरंगतं गं. मग ते मिठाचं काय खरं सांगनार?"

मी किटला हे कधी विचारलंच नव्हतं.

मेडिकलमधून इंजेक्शनसाठी वापरतात ते शुद्ध पाणी आणलं, ज्यात नायट्रेट नसतंच. त्यात थेंब टाकले. लाल. नळी धुऊन, पुसून, पुन्हा टाकले. लाल. पाच वेळा केलं, पाचही वेळा तोच रंग. काल पनवेलहून दुसरं किट आणलं. त्यात ते शुद्ध पाणी पिवळं राहिलं, आणि टाकीतलं पाणी... तेही जवळपास पिवळंच.

मग मासा कशाने गेला? मला माहीत नाही. त्या आठवड्यात दुपारी लाइट जात होती, पाणी तापलं असेल. पण हे 'असेल' आहे, आणि ह्यावेळी मी ते 'असेल' असंच लिहिणार आहे.

एक गोष्ट राहून राहून आठवते. लहानपणी मी काहीही सांगितलं की तात्या विचारायचे, "कशावरून गं?" हात धुतले म्हटलं तरी, मांजर आली होती म्हटलं तरी. त्या दिवशी मी त्यांच्यावर एवढा मोठा आरोप केला, आणि त्यांनी तेवढं एक विचारलं नाही. मी शिकलेली, माझ्या हातात नळी... त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मी त्यांच्यावर नाही.

जुनी पोस्ट काढून टाकलेली नाही, तिच्यावर ही दुरुस्ती जोडली आहे. ते हार्ट मात्र काढलं.

फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर ते "जाऊ दे गं" म्हणतील आणि पावसाचं विचारतील. मला समोर बसून सांगायचं आहे, काकूच्या देखत, आणि ही पोस्ट त्यांना स्वतः वाचून दाखवायची आहे. रविवारी गेले असते, पण रविवारी जाणं म्हणजे सवडीने जाणं. म्हणून रजा टाकली आहे. सकाळच्या एसटीने कळंबला जाते आहे... येत्या गुरुवारी.