आईच्या कणकेचा गोळा

मित्रांनो, सकाळपासून मन खातंय, म्हणून लिहितोय.

माझी साडेसाती टळावी म्हणून आई दर शनिवारी कणकेचे गोळे करून देते. ते कराडच्या संगमावर माशांना घालायचे. मी घालतोही. पण मला गळ टाकायचा भारी नाद, आणि आज गांडुळं काही मिळाली नाहीत. शेवटचा गोळा मी गळाला लावला.

एरवी तासन्‌तास बसवून ठेवणारा रोहू आज दोन मिनिटांत लागला. दर शनिवारच्या खाऊच्या भरवशावर आला बिचारा.

घरी पोचलो, तर आई दारातच. "खाल्लं का रं माशांनी?"

पिशवी पाठीमागं धरून मी म्हणालो, "व्हय, लय खाल्लं."

"मग पुढल्या शनिवारी चार जास्त देते."

तुम्हीच सांगा, ते चार गोळे आता कुठल्या तोंडानं घेऊ?